फोल्डिंग सायकल घेऊन मेमू आणि लालपरीने अपडाऊन कसं करायचं

पाचोऱ्याहून जळगावला रोज अपडाऊन करणाऱ्याला गाडीचा त्रास कमी आणि गाडीतून उतरल्यावरचा जास्त असतो. रेल्वेने अंतर ४७ किलोमीटरच्या आसपास, गाडी वेळेवर असली की तासाभरात जळगाव येऊन जातं, पण मग स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंतचे पाच-सहा किलोमीटर, त्यात शेअर रिक्षा भरेपर्यंत उन्हात बसून राहा, रिक्षावाला "अजून एक सीट, अजून एक सीट" करत राहतो, आणि आपलं पंचिंग तिकडे लेट. स्टेशनच्या स्टँडवर जुनी सायकल ठेवून पाहिली, दोनदा सीट गेली आणि एकदा पुढचं चाकच गेलं, तेव्हा म्हटलं आता सायकल नजरेसमोरच पाहिजे. मग फोल्डिंग घेतली. अडीच वर्षं झाली, मेमू (जवळच्या अंतराची विजेची लोकल), एक्स्प्रेसचा जनरल डबा, एसटी, कालीपिली (शेअर जीप) सगळीकडे नेऊन झाली, आणि लोक रोज तेच ते विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. उघडी असली तर ती सायकल, झाकली की ते सामान. टीसी असो, कंडक्टर असो की शेजारच्या सीटवरच्या काकू, सगळ्यांचा हिशोब हाच आहे. सायकल दिसली की "सायकल डब्यात?" म्हणून सगळे उठून बसतात, तीच वस्तू खोळीत घातली की कोणी बघतही नाही, लग्नाच्या बस्त्याची बॅग याच्यापेक्षा मोठी असते.

घ्यायची कुठली

चाकं साधारण १४, १६ आणि २० इंची अशी मिळतात. आपल्या रस्त्यांना २० इंचीच घ्या असं माझं मत आहे, कारण १४-१६ च्या चाकाला जळगावचा खड्डा म्हणजे विहीर. पण २० इंची घडी घातल्यावर साधारण ८० बाय ६५ बाय ३५-४० सेंटिमीटर भरते आणि वजन १२ ते १५ किलो, म्हणजे बर्थखाली सरकवायची आशा सोडा. ब्रॉम्प्टनसारखी १६ इंचीवाली घडीला एक नंबर, साधारण ६४.५ बाय ५८.५ बाय २७ मध्ये बसते आणि चेन आतल्या बाजूला दडते, पण तेवढ्या पैशात आपल्याकडे चांगली जुनी मोटरसायकल येते, त्यामुळे तो विषय ज्याचा त्याने बघावा.

दुकानात गेलात की फक्त चालवून बघू नका, घडी घालून उचलून जिना चढून बघा. खरंच. मी दुकानदाराला म्हटलं वरच्या मजल्यावर घेऊन जातो, तो हसला, पण एका सायकलीचं १४ किलो आणि दुसरीचं तेवढंच १४ किलो यात उचलायला किती फरक पडतो ते तिथेच कळलं. एकीला फ्रेममध्ये नीट पकडायला जागा होती, दुसरीला कुठेही धरलं तरी पेडल नडगीवर लागायचं. स्टेशनच्या पुलावर रोज दोनदा हेच करायचं आहे. आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह गाडीसारखा आहे का ते बघून घ्या, म्हणजे पेट्रोलपंपावर हवा भरता येते. फक्त पंपावरच्या पोराच्या हातात सोपवू नका, टायरच्या बाजूला किती पीएसआय, म्हणजे हवेचा दाब, ते छापलेलं असतं, तेवढं सांगून समोर उभं राहून भरून घ्या.

खोळ

बाजारातल्या तयार बॅगा मला आवडल्या नाहीत, एक तर महाग आणि चेन लवकर जाते. पहिल्यांदा मी डोकं लावून केळीच्या घडाला घालतात ती स्कर्टिंगची पिशवी वापरून पाहिली, मामांच्या शेतात रावेरकडे पडून होत्या, म्हटलं फुकटात काम होतंय. पहिल्याच दिवशी पेडलने फाडली. मग बारदान वापरलं, ते फाटत नाही पण त्याचे धागे चेनमध्ये गेले आणि डब्यात सरकीचा वास, माणसं नाक मुरडायला लागली. शेवटी टेलरकडे जाऊन जाड पॅराशूट कापडाची शिवून घेतली. बॅग नाही, वरून टोपीसारखी घालायची खोळ, खालून उघडी, खाली नाडी, वर हात जाईल एवढी फट ठेवलेली म्हणजे फ्रेमला धरून उचलता येते. खाली पूर्ण बंद पिशवी शिवू नका, कारण मग सायकल उचलून आत घालावी लागते आणि प्लॅटफॉर्मवर गाडी लागलेली असताना हे जमत नाही. टोपी वरून घातली की दहा सेकंदात काम. रंग काळा किंवा गडद निळा घ्या. भगवा, पिवळा असला की सगळ्यांचं लक्ष जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे चटईचा तुकडा. आमच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनतात, त्यामुळे आमच्याकडे तुकड्यांना तोटा नाही, पण घरातली जुनी फाटकी चटई असेलच. दोन बाय दोन फुटाचा तुकडा कापून घडी करून कॅरियरला अडकवून ठेवा. डब्यात आधी तो अंथरायचा, त्यावर सायकल ठेवायची. सायकल सरकत नाही, फरशी खराब होत नाही, आणि मुख्य म्हणजे समोरच्याला दिसतं की माणूस व्यवस्थित आहे. हा तुकडा मला कुठल्याही नियमापेक्षा जास्त कामाला आलाय.

घडी घालायची प्रॅक्टिस

घरी घाला, अंगणात, वीस-पंचवीस वेळा, बायको-पोरं हसली तरी चालेल. मधोमध बिजागरी असलेली जी कॉमन टाइप असते तिचा माझा क्रम असा: गाडी उभी करून चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणायची, डावं पेडल दुमडायचं, हँडलचा खांब मोकळा करून खाली पाडायचा, मग फ्रेमचा लॅच उघडून पुढचा भाग मागे आणायचा, दोन चाकं एकमेकांना चिकटली की सीट खाली करायची, मग उजवं पेडल. सीट एवढ्या उशिरा, कारण तोपर्यंत सायकल धरायला सीटच कामाला येते. काही मॉडेलमध्ये हँडल मध्ये अडकतं तर काहींमध्ये बाहेर राहतं, आपल्या सायकलीचं काय ते एकदा बघून घ्या.

या टाइपमध्ये घडी घातल्यावर चेन बाहेरच्या अंगाला राहते. हे कोणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मी एका मास्तरांच्या पांढऱ्या पॅन्टला काळी रेघ मारून दिली, बिचारे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांचं इन्स्पेक्शन होतं. तेव्हापासून चेनची बाजू नेहमी भिंतीकडे आणि वर खोळ. चेन आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा, तेलात बुडवून ठेवू नका, आणि चेन धुवायला रॉकेल-पेट्रोलची बाटली पिशवीत घेऊन रेल्वेत तर अजिबात चढू नका, तो रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे.

सीटच्या नळीवर आपल्या उंचीची खूण करून ठेवा. मी बायकोच्या नेलपॉलिशने केली, लाल, तीन पदर दिले तरी वर्षाने पुसली जाते, मग परत. आणि उघडल्यावर फ्रेमचा लॅच आणि हँडलचा लॅच हाताने हलवून बघितल्याशिवाय बसायचं नाही. गाडी लेट झालेली, डोक्यात पंचिंगची घाई, हँडलचा लॅच अर्धाच लागला होता आणि स्टेशनबाहेरच्या चढावर हँडल पुढे कलंडलं. नशीब चढ होता. उतार असता तर हे लिहायला मी नसतो.

रेल्वेचा नियम काय म्हणतो

आता नियम, कारण "चालतं भो सगळं" म्हणणारे पुष्कळ भेटतील. फुकट सामान सेकंड क्लासला ३५ किलो, स्लीपर आणि एसी थ्री टायरला ४० किलो, टू टायरला ५० आणि फर्स्ट एसीला ७० किलो. वजनाची आपल्याला काही अडचण नाही. पण सायकल, स्कूटर असल्या वस्तूंना ही फुकट मर्यादा लागूच होत नाही, त्या बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, टाकायच्या असतात. आणि डब्यात न्यायच्या पेट्या-सुटकेसला माप आहे, १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर. एसी थ्री टायर आणि एसी चेअर कारला तर ५५ बाय ४५ बाय २२.५ फक्त.

टेप घेऊन बसलात तर २० इंचीवाली ६० च्याही बाहेर जाते आणि २५ च्याही, ब्रॉम्प्टनसुद्धा जाडीला दोन सेंटिमीटर जास्त भरते, आणि चेअर कारच्या मापात तर कुठलीच बसत नाही. म्हणजे टीसीने ठरवलं तर तो तुम्हाला अडवू शकतो, आणि बुक न केलेलं सामान पकडलं तर लगेजच्या दराच्या सहापट लावू शकतो. म्हणून वाद घालायचा नाही. "साहेब, घडीची आहे, झाकलेली आहे, रस्त्यात नाही" एवढंच. माझ्याकडे अडीच वर्षांत दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा खोळ वर करून दाखवली, एकाने तर स्वतः घडी उघडून बघितली आणि पोरासाठी कुठे मिळेल विचारलं. पण उद्या कोणी बुक करा म्हटलं तर मी करेन, त्याचा तो अधिकार आहे.

पूर्ण, न घडी होणारी सायकल न्यायची असेल तर सरळ पार्सल ऑफिसला जा. तुमचं तिकीट असेल तर ती लगेज म्हणून त्याच गाडीने जाते, तिकीट नसेल तर पार्सल, मग ती कधी पोहोचेल ते तिच्या नशिबावर. हवा थोडी कमी करा, पेडल काढा, हँडल फिरवून बांधा, नाव-स्टेशन मोठ्या अक्षरात लिहून दोन ठिकाणी चिठ्ठी लावा, आणि गाडीच्या बऱ्याच आधी जा. दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनवर हे करू नका. भुसावळला किंवा जळगावला करा, तिथे हमालही असतात आणि गाडीही थांबते.

मेमूत कुठे ठेवायची

मेमूसारखी गाडी या कामाला दुसरी नाही. दरवाजे रुंद, दारापाशी उभं राहायला मोकळी जागा. फक्त दाराच्या तोंडाशी ठेवायची नाही, कारण प्लॅटफॉर्म कधी डावीकडे येतो कधी उजवीकडे, आणि लोक उतरण्याआधी चढतात हा आपला जुना नियम. डब्याच्या टोकाला शेवटच्या सीटच्या पाठीमागे जो कोपरा सुटतो तो आपला. चटई अंथरा, चेन भिंतीकडे, मोटरसायकलच्या कॅरियरला लावतात ती हुकाची रबरी दोरी सीटच्या पाइपला अडकवून सायकलला एक वेढा. पाचोऱ्याहून निघाल्यावर परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली असे थांबे येतात आणि म्हसावदपासून गर्दी अशी होते की नंतर जाऊन सायकल सरळ करता येत नाही, जे करायचं ते गाडी सुटायच्या आधी.

अपडाऊनवाल्यांच्या जागा ठरलेल्या असतात हे विसरू नका. पत्तेवाला ग्रुप कुठल्या डब्यात, भजनवाला कुठल्या, कोण कोणाची जागा धरतो, हे सगळं वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. नवीन माणूस सायकल घेऊन त्यांच्या कोपऱ्यात घुसला तर पहिले दोन दिवस टोमणे, तिसऱ्या दिवशी भांडण. मी पहिले चार दिवस सायकल न घेता गेलो, कुठला डबा मोकळा असतो ते बघितलं, मग पाचव्या दिवशी घेऊन गेलो आणि पत्तेवाल्यांना आधीच विचारलं, "भाऊ, या कोपऱ्यात एक बॅग ठेवली तर चालेल का?" आता मी नसलो तर ते तो कोपरा धरून ठेवतात.

अमळनेर लाइनला एकदा एक आजोबा समोर बसले होते, पांढरी टोपी, हातात मेथीची पिशवी. बराच वेळ खोळीकडे बघून शेवटी विचारलंच, "हाई काय शे भाऊ?" म्हटलं सायकल आहे बाबा, घडीची. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मंग तिनावर बठीसन जा ना, गाडीमा कसाले लई उना?" म्हणजे मग तिच्यावर बसूनच जा ना, गाडीत कशाला घेऊन आलास? अख्खा डबा हसला. माझ्याकडे अजूनही याचं उत्तर नाही.

प्लॅटफॉर्मवर सायकल चालवायची नाही, मोकळा असला तरी. घडी गेटच्या बाहेर घाला आणि उघडायची पण बाहेरच.

कुठल्या लाइनला काय

भुसावळ-जळगाव-चाळीसगाव ही मेन लाइन, गाड्या भरपूर पण लांबून येणाऱ्या एक्स्प्रेसचे जनरल डबे आधीच भरलेले, त्यात सायकल घेऊन चढणं म्हणजे मार खायचं काम. मी अशा गाडीला सायकल असली की सोडून देतो. चेअर कारवाल्या गाड्यांमध्ये वर सांगितलेलं माप लक्षात ठेवा, हौस म्हणून नेऊ नका.

चाळीसगाव-धुळे ही ५६-५७ किलोमीटरची ब्रँच, डिसेंबर २०२१ पासून तिथे विजेची मेमू आहे, आणि सायकलवाल्यांसाठी ही खान्देशातली सगळ्यात निवांत गाडी. सुरतकडे जाणारी ताप्ती लाइन म्हणजे धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार. ही पश्चिम रेल्वेची, आणि हिच्यावरची कितीतरी स्टेशनं गावापासून लांब आहेत, तिथे सायकल खरी वसूल होते. शिरपूरला रेल्वेच नाही, नरडाण्याला उतरून वीसेक किलोमीटर, पण तो सगळा आग्रा रोड, ट्रकच्या शेजारून २० इंची चाकावर जायचं मी कोणाला सांगणार नाही, तिथे घडी घाला आणि एसटी धरा. जामनेरवाल्यांची पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी, २०२० मध्ये बंद झाली, नॅरोगेज होती, तिच्यात सायकल काय, शेळीसुद्धा आरामात जायची, आता ब्रॉडगेज होईपर्यंत जामनेरला एसटीच.

पोरं पुण्याला असतील तर त्यांना सांगा, तिथल्या मेट्रोत न घडी होणारी सायकलही नेता येते.

लालपरी

एसटीत सगळा खेळ कंडक्टरचा. गाडी फलाटाला लागली की तो बुकिंगच्या मागे लागायच्या आधी जाऊन विचारा, मध्ये चढून "साहेब एवढं ठेवू का" म्हटलं की उत्तर नाहीच येणार, आणि बरोबर आहे, त्याच्या हातात मशीन, समोर साठ माणसं, सुट्ट्या पैशांची बोंब. गाडी जिथून सुटते त्या स्टँडवरूनच चढायचं, अधल्यामधल्या फाट्यावरून नाही. लगेजचं तिकीट फाडतो म्हटला तर फाडू द्या, उलट स्वतःहून म्हणा, ते तिकीट हातात असलं की पुढे चेकिंगवाला चढला तरी आपल्याला आणि त्याला दोघांनाही त्रास नाही. बायको सोबत असली तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच, तिचे वाचलेले पैसे सायकलीच्या तिकिटात गेले असा मी हिशोब सांगतो, तिला तो पटत नाही.

डिक्की असेल तर डिक्कीत, पण आडवी टाकताना गिअरची बाजू वर. हे लिहून ठेवा. मागचा गिअर ज्या पातळ पत्र्याला लटकतो त्याला हँगर म्हणतात, तो एवढा नाजूक असतो की वर एक गोणी पडली तरी वाकतो आणि मग चेन चाकाच्या तारांमध्ये जाते. डिक्कीत टाकायच्या आधी कोपऱ्यात आधीच काय आहे ते बघा, आपल्याकडे मिरचीची गोणी, केळीची खोकी, तेलाचे डबे, काहीही असतं. नंतर काय चढणार ते तर देवालाच माहीत, म्हणून उतरायच्या आधीच्या स्टॉपलाच उठून कंडक्टरला सांगा की डिक्कीत सामान आहे, नाहीतर तुम्ही खाली आणि सायकल पुढच्या तालुक्याला.

आत ठेवायची वेळ आली तर शेवटच्या लांब सीटच्या पुढे किंवा रिकाम्या सीटखाली आडवी. मागचा आपत्कालीन दरवाजा अडवायचा नाही. ड्रायव्हरशेजारी बॉनेटपाशी ठेवू देतात कधी कधी, पण ब्रेक मारला की ती गिअरकडे सरकते, नकोच. सकाळी शाळा-कॉलेजच्या पासवाल्यांची गाडी आणि आठवडे बाजाराच्या दिवसाची गाडी, या दोन टाळा. एकदा एका कंडक्टरने मला सरळ उतरवलं, गाडी निम्मी रिकामी असताना. मी चिडलो, फोटो काढायला निघालो, मग पुढची गाडी वीस मिनिटांनी होती तिच्यात बसलो आणि तिथल्या कंडक्टरने स्वतः डिक्कीची किल्ली आणून दिली. माणसामाणसावर आहे.

खाजगी ट्रॅव्हल्समध्ये मात्र सांभाळून. एका ट्रॅव्हल्सच्या क्लीनरने "टेन्शन घेऊ नका" म्हणून सायकल डिक्कीत टाकली आणि तिच्यावर एक फ्रिज. हो, फ्रिज. हँगर गेला, स्पोक दोन गेले, पावती मागितली तर म्हणतो सामानाची जबाबदारी प्रवाशाची. तेव्हापासून ट्रॅव्हल्समध्ये मी शेवटी टाकतो, सगळ्यांचं सामान गेल्यावर, आणि स्वतः टाकतो. कालीपिलीत वर कॅरियरवर, तिथे उघड्यावर असल्यामुळे उलट कमी लागतं, फक्त दोरी आपली वापरा आणि गाठ आपण मारा.

ऊन, काटे, चिखल

मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्री सहज असते. टायर टम्म भरून सायकल उन्हात लावली किंवा बसच्या डिक्कीत दोन तास ठेवली की ट्यूब फुटल्याचा आवाज येतो आणि अख्ख्या बसला वाटतं टायर फुटला. उन्हाळ्यात छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी कमीच हवा ठेवा.

काट्यांचं काय सांगायचं, बाभूळ आणि येडी बाभूळ रस्त्याच्या दोन्ही बाजूला. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जाड लायनर पट्टी टाकून घ्या, सायकल थोडी जड चालते पण माझे पंक्चर महिन्याला तीनवरून चार महिन्यांत एकवर आले. तरी एक ट्यूब सोबत ठेवाच, २० इंचीची ट्यूब जळगावात मिळते पण गावात लहान पोरांच्या सायकलीची मिळते, तिचा व्हॉल्व्ह वेगळा, आपल्या रिमच्या भोकात कधी बसतो कधी नाही.

पावसाळ्यात काळी माती. मोठ्या सायकलला चिखल लागतो, छोट्या चाकाच्या सायकलला चिखल धरतो. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये तो असा थापला जातो की चाक फिरायचंच बंद होतं, आणि तशी सायकल घेऊन कोणत्याही कंडक्टरने चढू देऊ नये असंच मलाही वाटतं. म्हणून जून ते सप्टेंबर मी एक जुना चमचा आणि एक मोठं फडकं जवळ ठेवतो. चमच्याने मडगार्डमधला चिखल खरवडायचा, बिजागरी पुसायची (तिच्यात माती राहिली की लॅच नीट बसत नाही), मग खोळ. स्टेशनला दहा मिनिटं आधी पोहोचायचं ते यासाठी.

एक रविवार

सुरुवात करायची असेल तर ऑफिसने करू नका, सुट्टीच्या दिवशी पाटणादेवीला जाऊन या. सकाळच्या गाडीने चाळीसगाव, तिथून पाटणादेवी १८ किलोमीटर, शेवटी शेवटी चढ आहे पण मरायला होत नाही. गौताळ्याचं जंगल सुरू होतं, डोंगराच्या कुशीत जुनं मंदिर, आणि गणिती भास्कराचार्यांचं नाव ज्या गावाशी जोडलेलं आहे, जिथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख सापडला, ते पाटण हेच. पावसाळा संपता संपता गेलात तर सगळं हिरवं. पाणी दोन बाटल्या न्या आणि परतताना उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, छोट्या चाकावर नुसता पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पलीकडे.

मागच्या वेळी येताना चाळीसगाव सहा-सात किलोमीटर राहिलं असताना माझा मागचा टायर बसला, सोबतची ट्यूब आदल्या आठवड्यातच वापरून झालेली, ऊन टळटळीत आणि संध्याकाळची गाडी गाठायची. दुसरी सायकल असती तर ढकलत गेलो असतो. इथे रस्त्याच्या कडेला चिंचेखाली घडी घातली, खोळ चढवली, आणि मागून आलेल्या कालीपिलीला हात केला. ड्रायव्हर खोळीकडे बघत म्हणाला, "काय भो, मशीन का काय?" म्हटलं, हो, शिलाई मशीन. वर टाक म्हणाला.